लेहच्या फुटपाथवरचे जर्दाळू: काळपट दिसतात म्हणून सोडू नका

लेहच्या मेन बाजारात फुटपाथवर ज्या बायका भाजी नि सुकामेवा घेऊन बसतात ना, त्यांच्याकडून उन्हात वाळवलेले जर्दाळू घेतले. रिव्ह्यू एवढ्यासाठी लिहितेय की आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी ते बघून नाक मुरडलं आणि दुकानातली केशरी चकचकीत पाकिटं उचलली. अहो, तो केशरी रंग बहुतेक वेळा गंधकाच्या धुरीमुळे टिकलेला असतो, नुसत्या उन्हात वाळलेलं फळ तपकिरीच होणार! दिसायला सुरकुतलेलं, मरगळलेलं, पहिल्या घासाला तर चामड्यासारखं चिवट, पण जरा चघळलं की आधी आंबट आणि मग जी गोडी येते ती त्या पाकिटातल्याला नाही म्हणजे नाही.

माल शाम भागातला, म्हणजे सिंधूच्या काठाने खाली खालत्से, स्कुर्बुचन वगैरे गावं, लेहपेक्षा उंची कमी म्हणून तिथे जर्दाळू चांगला येतो. जुलै-ऑगस्टमध्ये फळ उतरवायचं आणि घराच्या सपाट धाब्यावर नाहीतर तापलेल्या दगडांवर पसरायचं, बस. वर्षाला साधारण 100 मिमी पाऊस, हवा एकदम कोरडी, त्यामुळे ऊनच सगळं काम करतं. अर्थात नेमका तेव्हाच पाऊस आला तर माल खराब होतो, म्हणून हल्ली काही जण जाळीवर किंवा सोलर ड्रायरमध्येही वाळवतात.

आता तक्रार. उघड्यावर वाळवल्यामुळे धूळ असते, एकदोन बारीक खडेही निघाले, कोमट पाण्यात दोनदा धुतल्याशिवाय खाऊ नका. पॅकिंग म्हणजे साधी पिशवी, तिला गाठ. एक स्टार त्याचा कापला.

बी फोडून खायची आपल्या सगळ्यांना सवय, पण सगळ्या बिया गोड नसतात हां. रक्त्से कार्पो, ती पांढऱ्या बीची जात जिला 2022 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तिची आतली गिरी गोड. कडू लागली तर सरळ थुंकून टाका, कडू गिरीतून पोटात सायनाइड तयार होतं, लहान मुलांना तर अजिबात देऊ नका.

घेताना ‘जुले’ (लडाखी नमस्कार) म्हणा, एक चाखून बघा, दोघीतिघींकडे भाव विचारा, फार घासाघीस करू नका. आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर घरी आल्या आल्या फ्रीजमध्ये टाका, आपल्या दमट हवेत डब्यात ठेवलेले आठवड्यात चिकट व्हायला लागले.