सांगलीतल्या विश्रामबागचा मेनफ्रेम क्लास, चार महिन्यांनी लिहितोय

फी भरली तेव्हा घरातनं एकच प्रश्न, मेनफ्रेमवरची कोबोल तर 1959 सालची प्रोग्रामिंगची भाषा, पायथन सोडून हे काय शिकतोयस. मलाही तेव्हा मेनफ्रेम म्हणजे लय फास्ट कॉम्प्युटर एवढंच माहीत होतं. सरांनी पहिल्याच दिवशी ते डोक्यातनं काढलं. एकच अवघड गणित सोडवायचं काम सुपरकॉम्प्युटरचं, मेनफ्रेमचं काम म्हणजे लाखो छोटे व्यवहार एकाच वेळी घ्यायचे आणि एकही चुकू द्यायचा नाही. राजवाडा चौकातल्या एटीएममधनं तुम्ही दोन हजार काढताय तेव्हाच देशभर हजारो लोक काढत असतात, असलं काम मोठ्या बँका मेनफ्रेमवर टाकतात, दिवसा सीआयसीएस नावाचं सॉफ्टवेअर ते व्यवहार सांभाळतं आणि रात्री व्याज, स्टेटमेंटच्या बॅच, म्हणजे एकगठ्ठा कामं, पळतात. डिस्कवरनं डेटा आणायला वेगळे प्रोसेसर असतात त्यामुळं मुख्य प्रोसेसर अडून बसत नाही. आयबीएमनं 1964 ला सिस्टीम 360 काढली, तेव्हाचे बरेच प्रोग्राम आयबीएमच्या आजच्या झेड मेनफ्रेमवर पण चालतात, म्हणून तर कंपन्या जुना कोड टाकून देत नाहीत.

सगळ्यात भारी म्हणजे प्रोजेक्ट. हळदीच्या सौद्याची पट्टी करायची, वजन गुणिले दर, त्यातनं हमाली तोलाई वजा. माझा जॉब, म्हणजे मशीनला चालवायला दिलेलं काम, तीनदा मधेच बंद पडला, एरर कोड एस-झिरो-सी-सेव्हन! सरांनी उत्तर सांगितलं नाही, डंप, म्हणजे बंद पडतानाच्या मेमरीची छापील नोंद, पुढं ठेवला आणि म्हणाले शोध. दीड तासानं सापडलं, एका शेतकऱ्याच्या वजनाच्या जागी आकडाच नव्हता, नुसते स्पेस होते, आणि कॉम्प-थ्री फील्डमध्ये, म्हणजे दशमान आकडे ठेवायच्या जागेत, आकडा सोडून दुसरं काही आलं की हिशेब तिथंच थांबतो. चुकीची पट्टी छापण्यापेक्षा थांबलेलं बरं, हे मला त्या दिवशी पटलं. पैशाचा हिशेब दशमानातच ठेवतात, पैसा इकडचा तिकडं होत नाही, हे पण तिथंच कळलं.

आता तक्रार. अकरा जणांत तीनच लॉगिन, संध्याकाळी तर नंबरच लागत नाही. जेसीएल, म्हणजे कुठला जॉब कसा चालवायचा ते मशीनला सांगायची भाषा, दोन आठवड्यांत उरकलं, तिथं महिना पाहिजे होता, कारण रोजचं निम्मं काम तेच आहे. डीबी-टू हा डेटाबेस ठीकठाक शिकवला. नोकरीची खोटी आशा मात्र कुणी दाखवली नाही, हे मला आवडलं.

जाणार असाल तर शनिवारची सकाळची बॅच घ्या, लॅब रिकामी असते आणि जॉब पडला की सर शेजारी खुर्ची ओढून बसतात.