२५ लिटरचा गीझर, आठ महिन्यांनंतर: दोष टाकीत नव्हताच

गीझर लावून आठ महिने झाले, आता लिहिते. तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता आणि तो चुकीचा ठरला असता, कारण पाणी गरम येत नव्हतं ते खरं पण गीझर बिघडलेलाच नव्हता.

आमचा २५ लिटरचा, २००० वॅटचा, उभा बसवलेला आहे. २० डिग्रीचं पाणी ६० पर्यंत न्यायला हिशोबाने साधारण ३५ मिनिटं होतात, मी घड्याळ लावून बघितलं तर ३७ मिनिटांनी लाईट बंद झाला, म्हणजे तिथे तक्रार नाही. त्यात थंड मिसळलं की ४० डिग्रीचं ५० लिटरच्या आसपास पाणी व्हायला हवं, प्रत्यक्षात कमी होतं कारण वापरताना खालून थंड पाणी टाकीत येत राहतं. दोघांची आंघोळ होते, तिसऱ्याने थोडं थांबायचं.

तर तिसऱ्या महिन्यात अचानक नळाला कोमट पाणी यायला लागलं. लाईट लागतोय, बंद होतोय, सगळं नेहमीसारखं, पण आंघोळीला उभं राहिलं की दोन मिनिटांत गार. सासऱ्यांना रोज पहाटे आंघोळ लागते, त्यांना दोन दिवस गार पाणी अंगावर घ्यावं लागलं त्याचं मला फार वाईट वाटलं. टेक्निशियनने थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला गीझर बंद करतो तो भाग) बदलला, फरक शून्य. दुसरा म्हणाला कॉइल गेली, पण मीटर लावल्यावर रेझिस्टन्स २६ ओहम दाखवला, आणि २३० व्होल्टवर २००० वॅटच्या कॉइलचा तेवढाच असायला हवा, म्हणजे कॉइल ठणठणीत.

मग एक गोष्ट लक्षात आली की गीझरमधून निघणारा पाईप हात लावता येणार नाही इतका तापलेला आणि नळाला येणारं पाणी मात्र कोमट, म्हणजे गरम पाणी तयार होतंय पण वाटेत कुठेतरी त्यात थंड मिसळतंय. ते शोधायची एक साधी टेस्ट आहे आणि मला वाटतं कुठलाही पार्ट बदलायच्या आधी ती करावीच. गीझरचं बटण बंद करायचं, गीझरला जाणारा थंड पाण्याचा कॉक पूर्ण बंद करायचा आणि घरातला एखादा गरम नळ उघडायचा. पाईपातलं थोडं पाणी येऊन धार थांबली पाहिजे. आमच्याकडे धार थांबलीच नाही, चालूच राहिली!! टाकीत पाणी जातच नाहीये तर हे येतंय कुठून, तर थंड लाईनमधून एखाद्या मिक्सरमार्गे (गरम-थंड पाणी एकत्र करणारा नळ) गरम लाईनमध्ये घुसतंय. मग एकेका मिक्सरखालचे अँगल कॉक (भिंतीतल्या लाईनवरचे छोटे कॉक) बंद करत गेले आणि चोर सापडला बाथरूमच्या हँडशॉवरमध्ये. त्या शॉवरला हँडलवरच बंद करायचं बटण आहे, घरातले सगळे तेच दाबून शॉवर बंद करायचे आणि खाली मिक्सर मधोमध उघडाच राहायचा, त्यामुळे दोन्ही लाईन आतून एकमेकींना जोडलेल्या आणि थंड पाण्याचा दाब जास्त असल्याने ते गरमच्या पाईपात शिरत होतं. मिक्सर नीट बंद केला त्या दिवसापासून पाणी कढत. नंतर त्या मिक्सरच्या दोन्ही लाईनला नॉन रिटर्न व्हॉल्व्हही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे) बसवून घेतले.

सातव्या महिन्यात मात्र गीझरचं खरोखरचं काम निघालं. तापताना आतून तडतड आवाज आणि एकदा कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा सुरक्षा स्विच) उडाला. आमचं पाणी जड आहे, कॉइलवर क्षारांचा जाड थर बसला होता. गंमत म्हणजे पाणी तापायचा वेळ फारसा वाढलेला नव्हता, कारण कॉइल वीज तेवढीच घेते, फक्त थरामुळे उष्णता पाण्यात नीट जात नाही आणि कॉइल स्वतः जास्त तापते. टाकीच्या तळातून पापुद्रेच पापुद्रे निघाले, टाकीतला ॲनोड रॉड म्हणजे धातूची दांडी, तोही बराच झिजला होता, तो बदलला. टाकीच्या आधी तो गंजतो म्हणून टाकी वाचते, त्यामुळे तिथे कंजूषी नको. कटआउटचं बटण परत परत दाबून गाडी पुढे ढकलू नका प्लीज, तो उडतो म्हणजे आत काहीतरी जास्त तापतंय.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडतात ते चालतं, पाणी तापलं की फुगतं, २५ लिटरमागे साधारण पाव-अर्धा लिटर. ते तोंड बूच लावून बंद करायचं नाही, कधीच नाही. गीझर बंद असतानाही धार लागली तर मात्र दाखवून घ्या.

आज पाच पैकी चार स्टार देतेय. एक कापला तो मॅन्युअलसाठी, कारण त्यात बटण, लाईट, वॉरंटी सगळं आहे पण हँडशॉवर आणि उघड्या मिक्सरबद्दल एक ओळ नाही, ती असती तर चांगला थर्मोस्टॅट काढून टाकावा लागला नसता.