झोटेरो: काही महिन्यांच्या वापरानंतर, जर्नलला पेपर पाठवणाऱ्याच्या नजरेतून

झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पेपर लिहिण्यातलं सर्वांत कंटाळवाणं काम, म्हणजे संदर्भसूची जर्नलच्या साच्यात बसवणं, ते मनापासून करतं. मात्र आपण जे भरू तेच छापून येतं. कार्यशाळांमधून ‘बटण दाबलं की सूची तयार’ असं सांगतात, ते अर्धंच खरं. पुढचे मुद्दे झोटेरो 7, सोबत कधी वर्ड तर कधी लिब्रेऑफिस रायटर, असं वापरल्यावरचे आहेत. विषय सामाजिक शास्त्रांचा, संदर्भ इंग्रजी आणि मराठी असे मिसळलेले.

संदर्भ आत घ्यायचे दोन रस्ते आहेत. ब्राउझरमधलं कनेक्टर (उघड्या पानावरून नोंद उचलणारं बटण), किंवा वरच्या पट्टीतल्या जादूच्या कांडीत डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) अथवा आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) टाकणं. डीओआयने आलेली नोंद साधारण नीट असते, पण ‘साधारण’ हा शब्द महत्त्वाचा. काही प्रकाशक लेखकांची नावं सगळ्या कॅपिटल अक्षरांत पाठवतात, शीर्षकातला प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो, आणि ज्या जर्नलमध्ये पानांऐवजी लेख क्रमांक असतो तिथे पानांचा रकाना रिकामा येतो. लेख क्रमांक हाताने त्या पानांच्या रकान्यातच टाकायचा. शीर्षकं साध्या वाक्यासारखी, म्हणजे पहिलं अक्षर आणि विशेषनामं एवढीच कॅपिटल, अशी साठवा. कारण सरळ आहे: साध्या वाक्यावरून शिकागोसारखी स्टाइल (संदर्भ लिहिण्याचा ठरलेला साचा) स्वतः सगळे शब्द कॅपिटल करू शकते, पण उलट होत नाही. एपीए ही स्टाइल तर जसं साठवलंय तसंच छापते. शीर्षकावर राइट-क्लिक करून ‘ट्रान्सफॉर्म टेक्स्ट’ वापरता येतं, फक्त नंतर गावांची आणि माणसांची नावं एकदा डोळ्यांखालून घाला. त्यांची कॅपिटल अक्षरंही जाऊ शकतात.

आता एक तक्रार, जी प्रत्येक विद्यार्थ्याकडून ऐकू येते: ‘एपीए लावलंय, तरी मजकुरात काही ठिकाणी नुसतं पाटील येतं आणि काही ठिकाणी एस. पाटील असं का येतं?’ हा बिघाड नाही. एका नोंदीत लेखक ‘सुनील पाटील’ आहे, दुसऱ्या नोंदीत तोच ‘एस. पाटील’ आहे. झोटेरोला हे दोन वेगळे पाटील वाटतात, आणि एपीएच्या नियमाप्रमाणे आडनाव सारखं असलेल्या वेगळ्या लेखकांना आद्याक्षर लावावं लागतं. दोन्ही नोंदींत नाव एकसारखं करून रिफ्रेश केलं की आद्याक्षर गायब. तसंच सूचीत ‘2019अ’ आणि ‘2019ब’ दिसताहेत आणि दोन्ही एकच लेख आहेत, असं झालं तर लायब्ररीत तो लेख दोनदा शिरलेला असतो. अशा वेळी एक नोंद डिलीट करू नका. ‘डुप्लिकेट आयटम्स’मध्ये जाऊन मर्ज करा. मर्ज केल्यावर दस्तऐवजातले दुवे टिकतात, डिलीट केल्यावर तुटतात.

मराठी संदर्भ हा खरा कस. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नाही, म्हणजे सगळं हाताने. मुखपृष्ठावर शके 1846 असेल तर 78 मिळवून 1924 येतात. पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या काळासाठी 79 मिळवावे लागतात, म्हणून प्रस्तावनेखालची तिथी बघा. तारखेच्या रकान्यात इसवी सन, शक ‘एक्स्ट्रा’मध्ये. भाषेच्या रकान्यात मराठीचा दोन अक्षरी कोड (mr) भरा. पुस्तकाचं नाव रोमन लिपीत लिहिलेलं असेल तर याचा विशेष फायदा: इंग्रजी सोडून दुसरी भाषा दिसली की झोटेरो शब्द उगाच कॅपिटल करत नाही. इंग्रजी जर्नल बहुतेक वेळा रोमन लिप्यंतर आणि पुढे चौकटी कंसात इंग्रजी भाषांतर मागतं. पुस्तकाचं नाव तिरक्या अक्षरांत येतं, पण कंसातलं भाषांतर सरळ हवं असतं. त्यासाठी कंसाचा भाग इटॅलिकच्या टॅगमध्ये (<i>…</i>) टाका. आधीच तिरक्या मजकुरात तो टॅग उलटा चालतो आणि अक्षरं सरळ होतात.

संस्था लेखक असेल, उदाहरणार्थ महाराष्ट्र शासन, तर नावाशेजारच्या छोट्या बटणाने एकाच रकान्याचं नाव निवडा. नाहीतर ‘शासन, म.’ असा लेखक सूचीत अवतरतो.

देवनागरी फॉन्टचा घोळ मात्र झोटेरोचा नाही, वर्ड प्रोसेसरचा आहे. सूचीला स्वतःची पॅराग्राफ स्टाइल असते: वर्डमध्ये ‘बिब्लिओग्राफी’, रायटरमध्ये ‘बिब्लिओग्राफी 1’. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार या स्टाइलमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या रकान्यात वेगळा द्यावा लागतो. नुसती सूची सिलेक्ट करून फॉन्ट बदलाल तर पुढच्या रिफ्रेशला ते सगळं पुसलं जाईल. आणि श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर थेट पेस्ट करू नका. युनिकोडमध्ये बदलून घ्या, नंतर जोडाक्षरं आणि रफार तपासा.

लिहिताना पाळायच्या गोष्टी. पान क्रमांक, ‘पाहा’सारखा शब्द, लेखकाचं नाव गाळणं, हे सगळं सायटेशन (मजकुरातला संदर्भ) घालण्याच्या खिडकीतल्या फुग्यावर क्लिक करून होतं. ते सोडून कोणी मजकुरात हाताने दुरुस्ती केली, तर झोटेरो विचारतं की हा बदल ठेवायचा का. ‘हो’ म्हटलं की ते सायटेशन पुढे आपोआप बदलत नाही. स्टाइल बदलल्यावर एखादंच सायटेशन जुन्या रूपात अडून बसलेलं दिसलं, तर नव्वद टक्के हेच झालेलं असतं. मोठ्या पेपरात प्रत्येक सायटेशनला वाट पाहावी लागते. डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये आपोआप अपडेट बंद करा, शेवटी एकदा रिफ्रेश.

रायटर वापरणाऱ्यांनी फाइल ओडीटीमध्येच, म्हणजे रायटरच्या स्वतःच्या प्रकारात, ठेवावी. वर्डच्या डॉकएक्समध्ये सेव्ह केली की नेहमीच्या पद्धतीने साठवलेली जिवंत सायटेशन्स साधा मजकूर होऊन जातात. सहलेखक वर्डवर असेल तर डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमधलं ‘दुसऱ्या वर्ड प्रोसेसरकडे जा’ हे बटण वापरा. गूगल डॉक्सलाही तोच मार्ग. डॉकएक्स थेट तिथे चढवलीत तर दुवे मेले. दोघांनी मिळून लिहायचं असेल तर पहिल्या दिवसापासून ग्रुप लायब्ररीतूनच (झोटेरोमधला सामायिक संग्रह) सायटेशन द्या, म्हणजे चूक कोणीही दुरुस्त करू शकतो.

स्टाइल बदलणं हा या सॉफ्टवेअरचा परमोच्च क्षण. एका जर्नलने नकार दिला, दुसरं व्हँकुव्हर स्टाइल मागतं. यादीतून स्टाइल निवडली की कंसातली नावं जाऊन क्रमांक येतात, सूची उल्लेखाच्या क्रमाने लागते, सहा लेखकांनंतर ‘एट अल.’ (आणि इतर) येतं. दहा हजारांहून जास्त स्टाइल्स उपलब्ध आहेत. जर्नलांच्या नावांचे संक्षेप हवे असतील तर मेडलाइन या वैद्यकीय लेखसूचीच्या संक्षेपांची चौकट टिक करा. तरीही जर्नलच्या ताज्या अंकातल्या दोन लेखांची सूची शेजारी ठेवून ताडून बघा, कारण जर्नलच्या सूचना आणि त्याचं प्रत्यक्ष छापील रूप नेहमी जुळतंच असं नाही. मागे घेतलेल्या लेखांवर येणारी लाल पट्टी हाही एक मोठा उपकार. अशा लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या माहितीवरून ती येते.

जे झोटेरो करत नाही, त्यात पेपर जास्त अडकतात. आकृत्या बघा. एल्सव्हियर या प्रकाशकाच्या सूचनांत एका स्तंभाची रुंदी 90 मिमी. फोटोला 300 डीपीआय (दर इंचाला ठिपके) म्हणजे साधारण 1,063 पिक्सेल, पण रेषांच्या आलेखाला 1,000 डीपीआय म्हणजे सुमारे 3,543 पिक्सेल. वर्डमध्ये चिकटवलेला फोटो सेव्ह करताना दाबला जातो. ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे इमेज कॉम्प्रेशन बंद करण्याची चौकट आहे. तरी मूळ फाइल वेगळी पाठवणंच बरं. हायलाइट्स (लेखाचे ठळक मुद्दे) मागितले असतील तर 3 ते 5, प्रत्येकी रिकाम्या जागा धरून 85 अक्षरांच्या आत. दुहेरी अनामिक परीक्षणासाठी (लेखक आणि परीक्षक एकमेकांना अज्ञात) टायटल पेज वेगळं, आभार आणि निधीचा उल्लेख त्याच पानावर, आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं नाव पुसलेलं. शेवटची गोष्ट हमखास राहते: वर्डमध्ये ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’, रायटरमध्ये प्रॉपर्टीजमधलं ‘रिसेट’. स्वतःच्या आधीच्या लेखाचा उल्लेख ‘आम्ही पूर्वी दाखवल्याप्रमाणे’ असा असेल, तर तो कोणतंही सॉफ्टवेअर पकडणार नाही.

पैशांचं थोडक्यात. नोंदींचं सिंक कितीही फुकट. जागा लागते ती पीडीएफना. 300 एमबी मोफत, म्हणजे 2 एमबीच्या सरासरीने दीडशे लेख. पुढे 2 जीबीला वर्षाला 20 डॉलर. नको असेल तर फाइल सिंक बंद ठेवून फक्त डेटा सिंक चालू ठेवा, सायटेशनचं काहीही अडत नाही.

पाठवताना बऱ्याच जर्नलांना फील्ड कोड, म्हणजे सायटेशनमागचे जिवंत दुवे, नको असतात. त्यासाठी ‘अनलिंक सायटेशन्स’ आहे, पण ते नेहमी कॉपीवर चालवा. वर्डमधलं सिलेक्ट ऑल करून कंट्रोल-शिफ्ट-एफ9 हे त्याला पर्याय नाही. त्याने आकृत्या-तक्त्यांचे क्रॉस-रेफरन्सही गोठतात, आणि तळटीपा मात्र सुटतात. अनलिंक केलेली फाइल पुन्हा जोडता येत नाही. तीन महिन्यांनी परीक्षकांचे शेरे येतात, आठ नवे संदर्भ घालायचे असतात, आणि हाताशी तीच मेलेली फाइल असेल तर प्रत्येक सायटेशन पुन्हा नव्याने टाकावं लागतं. म्हणून फाइलच्या नावातच ‘जिवंत’ आणि ‘पाठवलेली’ असं लिहून दोन्ही वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.