लिचेस: पझल्स भारी, पण इंजिन जरा उशिरा चालू करा

बुद्धिबळ शिकायला कुठलं अ‍ॅप घेऊ असं कोणी विचारलं तर मी डोळे झाकून लिचेस सांगतो. 2010 पासून चालू आहे, सगळं फुकट, जाहिराती नाहीत, पझल्स हवी तितकी आणि स्टॉकफिश या इंजिनचं (चाली तपासणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमचं) अ‍ॅनालिसिस पण त्यातच.

मला सगळ्यात आवडतात त्या पझल्सच्या थीम्स. फोर्क (एकाच मोहऱ्याने दोघांवर हल्ला), पिन (मागच्याला वाचवायला पुढचा मोहरा अडकून पडणं), बॅक रँक मेट (शेवटच्या रांगेत राजाला मात), एकच थीम पकडायची आणि सोडवत बसायचं. नवखा माणूस पटाकडे बघतो तेव्हा त्याला एकेक मोहरा सुटा दिसतो आणि डोक्यात चालू असतं की मी इथे गेलो की तो तिथे जाईल मग मी परत... मुरलेल्याला कोपऱ्यातला राजा, त्याच्यापुढे न हललेली तीन प्यादी आणि मोकळी उभी पट्टी हे सगळं मिळून एकच चित्र दिसतं, हत्ती शेवटच्या रांगेत टाकायचं आपसूक सुचतं. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी 1973 मध्ये हेच तपासलं होतं, पाच सेकंद पट दाखवून मोहरे परत मांडायला लावले, खऱ्या डावातली पोझिशन असली की मास्टर कितीतरी पुढे, पण मोहरे कसेही विखुरले की त्याची आघाडी जवळपास गायब! म्हणजे स्मरणशक्ती अचाट वगैरे काही नाही, ओळखीचे आकार डोक्यात साठलेले असतात. थीम्समुळे तेच साठत जातात.

आता पझल्समध्ये एक गोची आहेच, कुठल्याही अ‍ॅपवर. पझल उघडलं की इथे काहीतरी दडलंय हे आधीच कळलेलं असतं, डावात कोण सांगणार? शिवाय नवखा आपल्याला हवी तीच चाल समोरचा खेळेल असं धरून चालतो, तयार खेळाडू स्वतःचीच चाल खोटी पाडायला बघतो. म्हणून डाव संपल्या संपल्या कॉम्प्युटरकडे धावू नका. इंजिन बंद ठेवून अ‍ॅनालिसिस बोर्डवर स्वतः चाली टाका, समोरच्याचं कुठलं उत्तर दिसलंच नव्हतं ते स्टडीमध्ये (लिचेसवरची नोंदवहीच म्हणा) लिहा, मग स्टॉकफिश. नाहीतर +0.7 (म्हणजे पांढरा जरासा पुढे) बघून काय कळणार आहे कप्पाळ. त्यानंतर ‘चुकांमधून शिका’ वालं बटण जरूर दाबा, जिथे चुकलो तिथेच परत नेऊन दुसरी चाल शोधायला लावतं, फार कामाची गोष्ट आहे ही.

पझल स्टॉर्म (वेळ लावून पटापट पझल्स) सुरुवातीला राहू द्या, घड्याळ पळत असताना ओळखीचंच तेवढं दिसतं. बुलेट (एक-दोन मिनिटांचे डाव) तर नकोच. 15+10 (प्रत्येकाला 15 मिनिटं, दर चालीला 10 सेकंद जादा) लावा आणि चाल करायच्या आधी समोरच्याच्या बाजूने एकदा पट बघून घ्या.