नागपूरची ट्रॉमा थेरपी (मनावरच्या आघातावरचा उपचार): सिंदेवाहीकडून जाणाऱ्यांसाठी

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

माझा लहान भाऊ बावीस वर्षांचा. मोहफुलं वेचायला मोठेबांसोबत, म्हणजे मोठ्या काकांसोबत, गेला होता आणि वाघाने त्याच्यासमोरून मोठेबांना ओढून नेलं. रोवणीचे दिवस येईपर्यंत त्याला आवाज यायला लागले. मोठेबाच बोलायचे, "तू पराला," म्हणजे पळालास. मग वनविभागाने घरात कॅमेरे बसवलेत म्हणून त्याने भिंतीचे पोपडे खरवडून काढले. गोम अशी की वाघ ओळखायला नाल्याकाठी खरंच कॅमेरे लावले होते. त्यामुळे भ्रम कुठे आणि खरं कुठे, हे घरात कुणालाच कळेना. बुवाबाजीही करून झाली, त्यावर लिहीत नाही.

गोळ्यांनी झोप लागली, आवाज कमी झाले. पण आधी ज्या डॉक्टरांना दाखवायचो ते वाघाचा विषय निघाला की म्हणायचे, "ते उकरू नका, बिघडेल." इकडे पोरगा मोहाच्या वासाने ओकायचा आणि रात्री ओरडत उठायचा. न उकरता ते जाणार कसं?

नागपूरच्या केंद्रातल्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, "त्या दिवशी काय झालं?" मी अंगणवाडी सेविका, फॉर्म भरून घेणारी माणसं रोज बघते. या बाईंनी पेन खाली ठेवून विचारलं. बिघडेल का, हे मीच विचारलं. त्यांनी नेदरलँड्समधला २०१५ साली छापून आलेला अभ्यास सांगितला. सायकोसिस, म्हणजे असे आवाज आणि भ्रम होण्याचा आजार, आणि सोबत आघाताचा त्रासही असलेले १५५ रुग्ण होते, ९० मिनिटांच्या आठ बैठका झाल्या आणि आजार वाढला नाही, उलट आघाताचा त्रास कमी झाला. ते रुग्ण बहुतेक जुने होते, नुकत्याच सुरू झालेल्या आजारावरचं काम त्यानंतरचं आणि अजून थोडं आहे, हेही त्यांनीच सांगितलं. गोळ्या चालू राहतील ही अट घातली. हे लपवलं नाही म्हणून माझा विश्वास बसला.

पद्धत अशी: डोळे मिटून तो दिवस आत्ता घडतोय असा सांगायचा, पुन्हा पुन्हा. त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. सुरुवातीचे आठवडे वाईट गेले, चिडचिड वाढली, हे आधी सांगितलं होतं तरी आई घाबरलीच. पण सांगता सांगता एकदा त्याच्या तोंडून आलं की तो पळाला होता माणसं बोलवायला, आणि काठ्या घेऊन त्यांच्यासोबत परत गेला होता. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. फक्त त्यालाच नव्हतं.

आता कापलेला तारा. टाळलेल्या गोष्टींची यादी करून हळूहळू त्यांच्याजवळ जायचं असतं. मॅडमनी लिहिलं, "सकाळी जंगलात फेरी." अहो मॅडम, आमच्याकडे वाघ आजही आहे! वनरक्षक सांगतात एकट्याने जाऊ नका, आणि तुम्ही पाठवता? शहरातल्या माणसाला जंगल म्हणजे नागपुरातलं सेमिनरी हिल्स. बाईंनी ऐकून मात्र घेतलं. यादी नव्याने झाली: वाळलेली मोहफुलं हातात घेणं, वाघाचा व्हिडिओ बघणं, दुपारी चारचौघांसोबत डांबरी रस्त्याने नाल्यापर्यंत. जंगल यादीत नाही. ती भीती त्याची बरोबरच आहे, ती काढायची नाही, असं मॅडमच म्हणाल्या.

दुसरी अडचण रेकॉर्डिंगची. घरात खोली एक, फोन एक. आईने एकदा ते ऐकलं आणि दोन दिवस जेवली नाही. शेवटी पोरं घरी गेल्यावर अंगणवाडीत बसून ऐकायची सोय केली. अशा घरांचा विचार केंद्राने आधीच करायला हवा.

फी एका बैठकीची ८०० रुपये, शिवाय दोघांचं एसटीचं तिकीट आणि बुडालेली मजुरी. कापणीच्या दिवसांत आम्ही थांबलो, त्याचा त्रास झाला. फोनवर बैठक घेतात, पण आमच्याकडे रेंज म्हणजे टाकीवर चढा.

फरक? आवाज अजून येतो, जास्त करून दिवेलागणीला. आता तो "हो मोठेबा, पराला होतो, माणसं आणायला" म्हणतो आणि हातातलं काम करत राहतो. मोहाचा वास सहन होतो. भिंतीला हात लावलेला नाही.

जायचं असेल तर सध्याच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या आणि "आघातावर काम करता का, की फक्त समुपदेशन?" हे फोनवरच विचारा, बोर्डावर दोन्ही लिहिलेलं असतं. जमत नसेल तर १४४१६ ही टेली मानसची सरकारी लाइन मराठीत बोलते, पैसे लागत नाहीत. ही थेरपी तिथे मिळत नाही, पण कुठे दाखवायचं ते सांगतात. वेळ सकाळची मागा. दुपारची घेतली तर बैठक संपल्यावर पोरगा गळून गेलेला असतो आणि उमरेडपर्यंत उभ्याने यावं लागतं.