एक हात की तीन हात? मिनिएचर रंगवण्याच्या दोन पद्धती, आणि पायाखालची जमीन

माझ्यासमोर टेबलावर एकाच साच्यातले चार भालाईत उभे आहेत, टेबलावरच्या युद्धखेळात वापरतात तसले चिमुकले सैनिक, म्हणजेच मिनिएचर. 28 मिलिमीटरचे, हार्ड प्लास्टिकचे, गुडघ्यापर्यंत अंगरखा, डाव्या हातात गोल ढाल. दोघांना जुन्या पद्धतीने रंगवलंय: मूळ रंग, वॉश (खाचांत उतरून सावली देणारा पातळ गडद रंग), मग उजेडाचे दोन थर. दोघांना एकाच हातात, म्हणजे रंगाच्या एकाच थरात, सावली पाडणाऱ्या नव्या रंगांनी. प्रत्येक जोडीतल्या एकाचा बेस, म्हणजे पायाखालची चकती, नुसता तपकिरी केला, दुसऱ्याच्या बेसवर वाळू, दोन खडे आणि वाळक्या गवताचा झुपका लावला. पहिली पलटण विकत घेऊन बसलेला माणूस मला नेहमी विचारतो, "कुठल्या पद्धतीने रंगवू?" या प्रश्नाचं उत्तर त्याला दाखवता यावं म्हणून हे चौघे.

हातात घेऊन पाहिले तर थरांनी रंगवलेले दोघे सरस, त्यात वाद नाही. पण टेबलावर ठेवून उभ्याने, म्हणजे मीटरभरावरून पाहिलं की क्रम बदलतो. एका हातात रंगवलेला पण वाळूवर उभा असलेला भालाईत, तिप्पट वेळ घेऊन थरांनी रंगवलेल्या पण सपाट तपकिरी चकतीवर उभ्या असलेल्या भालाइतापेक्षा चांगला दिसतो. मी हे बऱ्याच जणांना दाखवलंय आणि प्रत्येकाचं बोट आधी वाळूवाल्या दोघांकडे गेलंय. पद्धत निवडायला बसण्यापूर्वी हे ठाऊक असावं, कारण बहुतेक जण सगळा वेळ रंगात घालवतात आणि बेसच्या वेळी थकलेले असतात.

थरांवर थर

खऱ्या माणसाच्या अंगरख्याच्या चुणीत सावली पडते, कारण चुणी खोल असते. 28 मिलिमीटरच्या सैनिकावर तीच चुणी नखाच्या जाडीचीही नसते. खोलीतला उजेड तिच्यात सहज शिरतो आणि सगळं सपाट दिसतं. म्हणून सावली आणि उजेड दोन्ही रंगानेच पाडावे लागतात, तेही खऱ्यापेक्षा जरा भडक. थरांची सगळी पद्धत यावर उभी आहे. फाउंड्री या कंपनीचे रंग तर तीन-तीन बाटल्यांच्या संचातच येतात: ए म्हणजे सावली, बी म्हणजे मूळ रंग, सी म्हणजे उजेड. नवशिक्याला रंग मिसळत बसावं लागत नाही, आणि तीन छटांमध्ये किती अंतर असावं हेही नजरेला कळतं.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे चूक पोटात घालता येते. ढालीचा लाल अंगरख्यावर गेला तर अंगरख्याचा रंग पुन्हा लावायचा, संपलं. कुठल्या भागाकडे नजर जावी हेही तुमच्या हातात राहतं. चिलखताच्या सपाट पत्र्यावर, रणगाड्यावर, ढालीच्या गुळगुळीत तोंडावर याला तोड नाही.

किंमत वेळेची. रंग दुधाइतका पातळ करून दोन पातळ हात द्यावे लागतात. एकच जाड हात दिला की साच्यातलं कोरीव काम बुजतं आणि ते परत मिळत नाही. ओला पॅलेट केला नाही तर रंग पॅलेटवरच सुकायला लागतो. झाकणाच्या डब्यात भिजवलेला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा कागद, एवढंच लागतं. पिवळा रंग तर परीक्षाच पाहतो. त्याचं आवरण कमजोर, काळ्या अस्तरावर (रंगाआधी देतात तो पहिला हात, प्रायमर) चार-चार हात दिले तरी खालचा रंग डोकावतो. आधी फिकट तपकिरी किंवा गुलाबीसर हात देऊन वर पिवळा लावला की काम निम्म्यावर येतं, पण ही युक्ती कळेपर्यंत अनेकांनी पिवळ्या सैन्याचा नाद सोडलेला असतो.

एकच हात

2019 मध्ये सिटाडेल या रंगांच्या ब्रँडचे कॉन्ट्रास्ट रंग आले आणि चित्र बदललं. मागून आर्मी पेंटरचे स्पीडपेंट आले, व्हॅलेहोचे एक्सप्रेस कलर आले. तत्त्व सगळ्यांचं एकच: भरपूर रंगद्रव्य, पण असं पातळ माध्यम की रंग उंचवट्यांवरून सरकून खाचांमध्ये साचतो. उंचवट्यावर फिका, खाचेत गडद. मूळ रंग, सावली आणि थोडाफार उजेड एकाच वेळी.

हा रंग पारदर्शक आहे हे डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. अस्तर जसं, तसाच तो दिसणार. पांढऱ्या किंवा फिक्या हस्तिदंती अस्तरावर तो खुलतो, काळ्यावर नाहीसा होतो. यातली मला सर्वांत आवडणारी रीत 'स्लॅपचॉप' नावाने रुळली आहे. काळं अस्तर द्यायचं, त्यावर राखाडीचा ड्रायब्रश, मग वरच्या बाजूंवर पांढऱ्याचा. ड्रायब्रश म्हणजे ब्रशवरचा जवळजवळ सगळा रंग कापडावर पुसून टाकायचा आणि उरलेला नुसता उंचवट्यांवरून फिरवायचा. सावली-उजेड आधीच तयार होतो, एका हाताच्या रंगाला फक्त त्यावर काच चढवल्यासारखं बसायचं असतं. अंगरखा, केस, लोकर, चामडं, लाकूड, कातडी यांवर निकाल इतका छान येतो की पहिल्यांदा करणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. आणि थरांमध्ये छळणारा पिवळा इथे पांढऱ्यावर एकाच हातात लख्ख येतो.

आता खोट कुठे आहे ते त्या भालाइताच्या ढालीवर बघा. ढाल हलकी फुगीर, वर कोरीव काम काही नाही. निळा रंग लावला तेव्हा एकसारखा वाटला. दहा मिनिटांनी पाहिलं तर तो खालच्या कडेला उतरला होता आणि मध्ये ओघळाची कडा सुकली होती, ओल उतरून गेल्यावर भिंतीवर राहते तशी. रंग ओला असतानाच स्वच्छ ब्रशच्या टोकाने जादाचा टिपून घ्यायला हवा होता. एकदा कडा पडली की तिच्यावर तोच रंग लावून ती जात नाही, गडद होते. त्या जागेला पुन्हा पांढरं करून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणजे थरांमध्ये चूक स्वस्त आणि काम महाग, इथे काम स्वस्त आणि चूक महाग.

आणखी दोन गोष्टी. पातळ करायचा तर त्याच रंगाचं माध्यम वापरा. पाणी जास्त झालं की रंग खाचेत बसण्याऐवजी डाग पाडतो. आणि हा रंग हाताळणीला नाजूक. चार डावांत भाल्याचं टोक, ढालीची कड, टाचा पांढऱ्या पडायला लागतात, तेव्हा व्हार्निश हवंच. या जातीच्या सुरुवातीच्या काही रंगांवर ओला ब्रश फिरला की खालचा सुकलेला रंग पुन्हा सुटायचा. म्हणून नवी बाटली घेतली की आधी एका तुकड्यावर सुकवून ओल्या ब्रशने घासून बघते, मगच पलटणीला लावते. धातूसाठी मात्र दोन्ही पद्धतींत मी साधा धातुरंग आणि वर काळसर वॉश हेच करते.

पायाखालची जमीन

इथे मी जास्त रेंगाळणार आहे, कारण निकाल इथे लागतो. वॉरहॅमर 40,000 या युद्धखेळाच्या 2020 च्या नवव्या आवृत्तीपासून पूर्ण रंगवलेल्या सैन्याला 10 गुण मिळायला लागले. त्यासाठीची 'बॅटल रेडी' ही पातळी बेस सजवल्याशिवाय पूर्ण होत नाही. नियम करणाऱ्यांनाही बेस हा रंगकामाचाच भाग वाटतो, हे मला फार योग्य वाटतं.

आधी मापाचा हिशेब. 28 मिलिमीटरचा सैनिक साधारण 1/56 प्रमाणात असतो. म्हणजे बेसवरचा एक मिलिमीटरचा वाळूचा कण हा त्याच्या जगात अंड्याएवढा दगड. 6 मिलिमीटरचा गवताचा झुपका म्हणजे एक तृतीयांश मीटर, गुडघ्याच्या खाली. 12 मिलिमीटरचा लावला की सैनिक जवळजवळ मांडीपर्यंत गवतात बुडतो. एकसारख्या जाड वाळूचा बेस खोटा दिसतो तो याच कारणाने, सगळी जमीन अंड्यांनी भरल्यासारखी होते. बारीक वाळू जास्त, मध्यम थोडी, आणि दोन-तीन खडे, तेही एका बाजूला.

पर्याय मुख्यतः तीन. पहिला, पांढरा पीव्हीए गोंद आणि वाळू. सर्वांत टिकाऊ, पण सावकाश: गोंद सुकायला रात्र, मग पातळ गोंदाचा आणखी एक हात, मग गडद तपकिरी, मग फिक्या तपकिरीचा ड्रायब्रश, मग हस्तिदंतीचा अगदी हलका. दुसरा, डबीतला टेक्श्चर पेस्ट. तो एकाच वेळी जमीन आणि रंग दोन्ही देतो, तडे जाणाऱ्या पेस्टने वाळवंट तर सुरेख होतं. पण कण एकसारखे असल्याने चाळीस बेस चाळीस जुळे दिसतात. खडे आणि झाडाच्या सालीचे तुकडे आधी चिकटवून वर पेस्ट लावला तर हे टळतं. तिसरा, रेझिनमध्ये ओतलेले तयार बेस: फरसबंदी, पडकं देऊळ, जहाजाची फळी. दिसायला देखणे, मात्र सैनिकाला तळाशी प्लास्टिकचा पट्टा असेल तर तो कापून पायात तार घालून बसवावं लागतं. एका सरदारासाठी हा खटाटोप करावा, चाळीस शिपायांसाठी मी करणार नाही. रेझिन कापताना-घासताना त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा आणि ओलं घासा.

ओळीने उभ्या राहणाऱ्या सैन्यात वेगळीच काळजी लागते. चौकोनी बेसच्या कडेवरून पेस्ट बाहेर आला की शेजारचा बेस चिकटून बसत नाही आणि वीस जणांची रांग वाकडी होते. कडा ओल्या असतानाच बोटाने पुसून घ्या. भाले एकमेकांत अडकत असतील तर बेसच्या खाली क्रमांक लिहून ठेवा, प्रत्येक डावाला जागा शोधत बसावं लागणार नाही. पातळ एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीच्या) मोठ्या बेसवर ओला गोंद पसरला की तो सुकताना वाटीसारखा वाकतो. खालच्या बाजूलाही रंगाचा हात दिला की ताण बराचसा सारखा होतो.

बेस आधी की नंतर? थरांनी रंगवत असाल तर वाळू अस्तराच्या आधी लावा, बेसवर चुकून गेलेला रंग शेवटी झाकता येतो. एका हाताच्या रंगांना मी उलट सांगेन: आधी सैनिक, मग बेस. कारण ड्रायब्रशची तपकिरी धूळ पारदर्शक रंगावर बसली तर ती पुसणं अवघड. फक्त दोन पायांमधली जमीन सैनिक बेसवर चिकटवण्याआधी झाली पाहिजे, नंतर तिथे ब्रश शिरत नाही.

अस्तर आणि व्हार्निश

यात दोन्ही पद्धती सारख्याच. साच्याचं तेल जावं म्हणून साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, जोडाची रेघ खरवडून काढा. एका हाताच्या रंगाखाली ती रेघ जास्तच उठून दिसते, कारण रंग तिच्या दोन्ही बाजूंना साचतो. दमट हवेत स्प्रे मारू नका. मी एकदा घाईने वीस तयार सैनिकांवर दमट हवेत मॅट व्हार्निश मारलं आणि सगळ्यांवर पांढुरकी साय धरली. ब्रशने चकचकीत व्हार्निशचा हात दिल्यावर ती बरीचशी विरली, मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट मारलं. त्या रात्रीची धडधड अजून आठवते.

मग कोणी काय घ्यावं

पेटीत पाच-सहा जणांची टोळी असेल, आणि जीव एकेकात रमत असेल, तर थर. हात बसायला तोच रस्ता. गुळगुळीत चिलखताचे किंवा यंत्रांचे सैन्य असेल तरी थरच. पेटीत चाळीस-साठ लोकर पांघरलेले, चिंध्या ल्यालेले, खवल्यांचे असतील तर एका हाताचे रंग आणि ड्रायब्रशचं अस्तर, बिनदिक्कत. 15 मिलिमीटरलाही माझं मत हेच. 6 मिलिमीटरवर तर सैनिकापेक्षा बेसच मोठा दिसतो, तिथे रंगाचा विचार पाच मिनिटं आणि जमिनीचा तासभर करावा.

आणि खेळायला खऱ्या अर्थाने सैन्य हवं असेल तर मिसळ करा. अंगरखे, चामडं, लाकूड एका हातात. चेहरा, ढाल आणि झेंडा थरांनी. चेहरा जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा, त्यावर नाक, गाल आणि हनुवटीवर उजेडाचे तीन ठिपके दिले तरी माणूस जिवंत होतो. उरलेला वेळ बेसला द्या.

एवढं मात्र आजच करा: बेससाठी वापरलेले तीन रंग, वाळूचा प्रकार आणि कडेचा रंग एका कागदावर लिहून पेटीत ठेवा. माझी सर्वांत जुनी तुकडी जाड थरांनी, अडखळत रंगवलेली आहे, सर्वांत नवी एका हातात. रंगकाम पाहून कोणी त्या एका माणसाच्या म्हणणार नाही. पण दोन्हींखाली तोच गडद तपकिरी, तीच फिकी धूळ, तेच वाळकं गवत आहे, आणि टेबलावर मांडल्या की त्या एकाच मुलखातून चालत आल्यासारख्या दिसतात.