एचेव्हेरियाचा सेट: झाडं चांगली, पण ते कोकोपीट!

एचेव्हेरियाच्या ज्या जांभळट पर्ल फॉन न्यूरेंबर्ग प्रकारासाठी ६९९ रुपयांचा हा सक्युलंटचा (जाड, रसाळ पानांच्या झाडांचा) सेट मागवला, तीच जुलैत गेली. कुंडी सरकवायला गेले तर पानांचा गुच्छ अलगद हातात, बूड कुंडीतच. खाली काळा, वास मारणारा चिखल. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, ‘मॅडम, ओव्हरवॉटरिंग झालंय.’ अहो, पाऊस सुरू झाल्यापासून मी थेंबभर पाणी घातलेलं नाही! ग्रिलच्या आत पागोळीसुद्धा येत नाही. बदली झाड मागितलं, तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ हवा म्हणे. झाड सडलं पावसाळ्यात, व्हिडिओ हवा जानेवारीतला.

मग उरलेली सगळी उपटून पाहिली. वर शोभेचे पांढरे खडे, डिंकासारख्या कशाने तरी एकमेकांना चिकटवलेले. त्याखाली कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, घट्ट गोळा, आणि गोळ्याच्या आत मुळांना आवळून बसलेली जाळीची पिशवी. ठाण्याच्या जुलैत हा गोळा वाळणार कधी? कोकोपीट हलकं, कुरिअरचं वजन वाचतं, म्हणून वापरतात. मिरचीला घाला की खुशाल. पण एचेव्हेरिया ही मेक्सिकोच्या डोंगरात खडकांच्या फटींत वाढणारी जात. पाणी पानांत साठवते, पानांची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडते. एवढी काटकसरी बाई, आणि तिला ओल्या स्पंजवर बसवायचं!

पिशव्या कात्रीने कापल्या, कोकोपीट झटकलं, कुजकी मुळं छाटली. शेजाऱ्यांकडे बाथरूमची तोडफोड चालू होती, तिथून विटांचे तुकडे फुकट मिळाले. ते बारीक करून त्यात जाडी वाळू आणि मूठभर गांडूळखत, आणि मातीच्या भोकवाल्या कुंड्या. त्यानंतर एकही सडलेली नाही.

तेव्हा एक तारा देऊन मोकळी होणार होते, पण सेटमधल्याच ग्रॅप्टोपेटलम या दुसऱ्या सक्युलंटने मत बदलायला लावलं. (लॅटिन नावात पॅराग्वे आहे, झाड मात्र मेक्सिकोचंच.) पार्सलमध्येच तिची पानं गळून आली होती. ती कोरड्या मातीवर नुसती पसरून ठेवली होती. काही दिवसांनी देठाकडून गुलाबी, केसासारखी मुळं फुटली आणि मग मोहरीएवढं गुलाबाचं फूलच जणू. आई-पान सुकत जातं आणि पिल्लू फुगत जातं. आता तसराळंभर झाली आहेत. पैसे इथे वसूल झाले.

बाकी थोडक्यात. एचेव्हेरियाला सकाळचं ऊन मिळालं नाही की ती लांबुडकी होते, पानं खाली झुकतात. हॉवर्थिया हे सक्युलंट मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीतही मजेत आहे. तळाची पानं वाळतातच, घाबरू नका. बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, स्पिरिटच्या बोळ्याने टिपा. पानांवरची पांढुरकी पावडर मात्र धूळ नाही. सासूबाईंनी ओल्या फडक्याने एक एचेव्हेरिया लख्ख पुसली. त्या पानांवर पावडर परत येत नाही. पण त्यांना कोण सांगणार?

झाडांना चार तारे, पॅकिंगला शून्य. यापुढे जवळच्या नर्सरीतूनच घेणार, तेही कुंडी उलटी करून मुळं बघून. आणि ग्रॅप्टोपेटलम विकत घेऊ नका, ठाण्यात असाल तर माझ्याकडून पानं न्या.